आधी कामं मागून घ्या

वाचकाचं पत्र

ताई, सादर नमस्कार.

मी ४६ वर्षांचा आहे. १५ वर्षांपूर्वी नोकरीसाठी देश सोडला. सुरुवातीला दोन-तीन वर्षांनी घरी जाणं व्हायचं. शेवटचा गेलो तो २०१७ मध्ये. मग आधी व्हिसाची कागदपत्रं अडकली, मग मुलीची शाळा, मग महासाथ. आई २०२१ मध्ये गेली तेव्हा विमानं बंद होती. तिचा अंत्यविधी मी फोनवर पाहिला. मध्ये दोनदा चित्र थांबलं.

आता २२ दिवसांची रजा मिळाली आहे. पुढच्या महिन्यात बायको आणि नऊ वर्षांची मुलगी यांना घेऊन जातोय. बाबा ७८ वर्षांचे आहेत. आईच्या आजारपणात धाकटी बहीण आणि मेहुणे त्यांच्याजवळ राहायला आले, ते तिथेच आहेत. मी दर महिन्याला पैसे पाठवतो, दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. बाबा फोन असा धरतात की मला त्यांचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. काहीही विचारलं तरी ‘हो, हो, सगळं ठीक’ म्हणतात.

तिकिटं काढल्याचं बहिणीला सांगितलं तेव्हा ती आनंदानं ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘बरं झालं दादा. आलास की बघू.’ एवढंच. ती माझ्यावर रागावली आहे का? आणि मी जातोय ते नक्की कुणाच्या घरी? मुलीला भाषा समजते, पण ती बोलत नाही; नातेवाइकांसमोर तिची परीक्षा होईल याची धास्ती वाटते. बायको म्हणते, मधले सात-आठ दिवस कुठेतरी फिरून येऊ, सगळ्यांनाच जरा मोकळं वाटेल. इतकी वर्षं या दिवसाची वाट पाहिली आणि आता तो जवळ आला तर पोटात गोळा येतो. कसं वागू?

– तुमचा एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं ‘मध्ये दोनदा चित्र थांबलं’ हे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी तुमच्या बहिणीविषयी बोलते. तुमचे २२ दिवस कसे जातील हे बरंचसं तिच्यावर अवलंबून आहे, आणि ती आज जिथे उभी आहे तिथे मीही काही वर्षं उभी होते.

माझा मोठा भाऊ परदेशी असायचा आणि आई माझ्याजवळ. एकदा तो सहा वर्षांनी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर जेवणाच्या टेबलावर औषधांचा डबा उघडा होता आणि मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं त्यानं ओळीनं मांडून ठेवली होती. मला हाक मारून त्यानं त्या दाखवल्या. आवाजात राग नव्हता, काळजीच होती. तारखाही त्यानं बरोबर वाचल्या होत्या. मी ‘हो रे, राहिलं’ म्हणाले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. त्याच डब्यातली सकाळची गोळी, दुपारची अर्धी, रात्रीची झोपताना घ्यायची, हे सहा वर्षं एक दिवस चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते डब्याच्या तळाशी पडलेल्या, डॉक्टरांनी केव्हाच बंद केलेल्या गोळ्यांचं. जे रोज नीट होत होतं त्याचा टेबलावर मांडण्यासारखा पुरावा नव्हता.

म्हणून ‘आलास की बघू’ मला तुमच्यापेक्षा वेगळं ऐकू येतं. त्यात थोडा राग असेलही. वर्षानुवर्षं एकटीनं ओढल्यावर तो येतो आणि तो असू द्यावा. पण त्याहून जास्त मला त्यात थकवा ऐकू येतो. तुम्ही तिघं येणार म्हणजे तिच्यासाठी अंथरुणं, धुणं, स्वयंपाक, तुम्हाला भेटायला येणाऱ्यांची रीघ. बाबांची रोजची घडी विस्कटणार, आणि तुम्ही गेल्यावर ती पुन्हा बसवायची तिनंच. शिवाय आठ वर्षांनी येणारा दादा आपण चालवलेलं घर कोणत्या नजरेनं बघेल, ही भीती. मला होती. भाऊ विमानतळावरून यायच्या आधी मी पडदे धुतले होते, आणि औषधांच्या डब्याचा तळ बघायचा राहून गेला होता.

तेव्हा निघण्याआधीच तिला एक फोन करा. रविवारचा नव्हे, बाबा शेजारी असताना नव्हे. तिची सवड विचारून, नुसत्या आवाजाचा फोन. ‘काही मदत हवी का?’ असं मात्र विचारू नका. या प्रश्नाला घर सांभाळणारी कोणतीही बाई ‘नको रे’ असंच म्हणते, कारण काय हवं ते समजावून सांगणं हेही एक कामच असतं. ‘मी २२ दिवस असणार आहे, त्यातलं कोणतं काम पूर्ण माझ्याकडे देतेस?’ असं विचारा. पूर्ण म्हणजे पूर्ण. बाबांना रात्री उठवायला लागतं का? त्यांच्या तपासण्या, बँक, विजेचं बिल, गळणारा नळ, यातलं जे ती देईल ते वहीत लिहून घ्या आणि ती सांगेल तसं करा. तुम्हाला सुचणारी सोपी पद्धत मनातच ठेवा. तिची पद्धत तशी का झाली, ते चार दिवस ते काम केल्यावर बहुतेक वेळा कळतं.

आणि तुमच्या बायकोनं सुचवलेले ते सात-आठ दिवस. सूचना चांगलीच आहे, फक्त माणसं बदलू. बहीण आणि मेहुण्यांना फिरायला पाठवा. आईच्या आजारपणापासून ती दोघं एकत्र कुठे गेली असतील असं मला वाटत नाही. त्यांना विचारून, ते म्हणतील तिथलं तिकीट काढून द्या आणि तेवढे दिवस घर तुम्ही चालवा. आल्याआल्या नको. पहिले नऊ-दहा दिवस सगळे एकत्र राहा, म्हणजे कोणतं काम कसं करायचं हे तिच्याकडून शिकता येईल आणि बाबांनाही तुमच्या हाताची सवय होईल. ती परतल्यावरही तुमचे चार-पाच दिवस उरले पाहिजेत. एक गोष्ट मी आग्रहानं सांगते: हे दिवस तुमच्या बायकोच्या अंगावर टाकू नका. वडील तुमचे आहेत. त्यांच्यासाठी रात्री उठणारे तुम्ही, सकाळी सगळ्यांत आधी जागे होणारेही तुम्ही. बायकोला मोकळं व्हावंसं वाटतंय त्याचंही कारण असेल, तेही तिला विचारा. अधूनमधून एखादी दुपार तिची आणि मुलीची, घराबाहेर, कुणालाही उत्तरं न देता जाऊ दे.

बहीण ‘नको, आम्हाला कुठे जायचं नाही’ म्हणाली तर? तर हट्ट धरू नका. काही माणसांना इतक्या वर्षांनी सूत्रं सोडून देणंच जड जातं. मग तिला दुपारी दोन तास दार लावून झोपू द्या आणि दारावरची घंटा तुम्ही सांभाळा. हेही कमी नाही.

पैसे पाठवता ते चांगलं करता, पाठवत राहा. फक्त तिच्यासमोर तो विषय हिशेबासारखा काढू नका, कौतुकानंही नको.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तुम्ही जाताय ते कुणाच्या घरी. आल्फ्रेड शुट्झ नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतला तेव्हा त्यांचं व्हिएन्ना सुटलं आणि पुढच्या वर्षी ते न्यू यॉर्कला पोचले. १९४५ मध्ये, युद्धावरून सैनिक घरोघरी परतत असताना, त्यांनी घरी येणाऱ्या माणसावर एक निबंध लिहिला. त्यातला मला पटलेला विचार माझ्या शब्दांत सांगते. आपण ज्याला जवळीक म्हणतो ती मोठ्या प्रसंगांनी बनत नाही. तेच दार, तीच वेळ, त्याच माणसाची तीच खाकरण्याची सवय, असं रोज पुन्हापुन्हा एकत्र घडत राहिल्यानं बनते. एक जण दूर गेला की हे थांबतं. मग दोन्हीकडे एकमेकांचं एक चित्र उरतं आणि ते निघाल्या दिवसाचं असतं. पत्रं येतात, बातम्या कळतात, पण चित्र बदलायला बातम्या पुरत नाहीत. बाहेर गेलेल्याला वाटत राहतं की घर आपण सोडलं तसंच चालू आहे. घरच्यांनाही वाटतं की तो गेला तसाच परत येईल. दोघांचाही अंदाज चुकतो, आणि त्यात लबाडी कुणाचीच नसते.

तुमच्या रविवारच्या कॉलचं हेच होतं. त्यात बातम्या असतात, रोजचा दिवस नसतो. तुम्ही विचारता, ‘कसं चाललंय?’ आणि उत्तर येतं, ‘ठीक.’ दुसरं काय यावं? ठीक नसलेल्या गोष्टी इतक्या बारीक असतात की त्या सांगायला माणूस शेजारीच बसलेला लागतो.

तेव्हा ‘कुणाचं घर’ याचा निकाल दारातच लावू नका. तुमच्या खोलीत आता बहिणीची शिलाई मशीन असेल, चाव्यांची जागा बदललेली असेल, बाबा ‘आपली ती नेहमीची’ म्हणून अशा कुणाचं नाव घेतील ज्या बाईला तुम्ही कधी पाहिलेलंच नाही. पहिल्यांदा ते टोचेल. विचारा, ‘ती कोण?’ आणि नाव लक्षात ठेवा. तुम्ही नसलेली आठ वर्षं या नावांत आहेत. कुलूप कसं लागतं, पाणी किती वाजता येतं, शेजारी कोण नवीन आलं, बाबा कोणाशी बोलत नाहीत आणि का, हे सगळं नव्यानं शिकायला लागलं तर कमीपणा मानू नका. आणि बोलताना तुमचाच एखादा शब्द अडला, साध्या वस्तूचं नाव पटकन आठवलं नाही, तरी खजील होऊ नका. मोठेपणी देश सोडलेल्या माणसाची मायबोली सहसा पुसली जात नाही. शब्द वर यायला वेळ लागतो, आणि कानावर पडू लागले की ते परत येतात.

पहिले काही दिवस स्वतःवर फार विश्वास ठेवू नका. दिवस-रात्र उलटे झालेले असतात. झोपेचं चक्र नव्या वेळेला रुळायला ढोबळमानानं तासाच्या फरकाला एक दिवस लागतो. पूर्वेकडे प्रवास केला तर जास्त जड जातं, कारण शरीरातलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. दिवस लांबवणं त्याला जमतं, आखूड करणं जमत नाही. सकाळी-दुपारी उजेडात बसा, बाबांबरोबर बाहेर दहा पावलं चाला. पण वाटण्या, घर विकायचं की ठेवायचं, बाबांनी तुमच्याकडे यायचं का, असलं काहीही या दिवसांत काढू नका. माझ्या भावानं तो औषधांचा डबा पहाटे चार वाजता उघडला होता. झोप येत नव्हती आणि हाताला काम नव्हतं. हे त्यानं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

पहाटे जाग आली तर एक वही ठेवा. खटकेल ते सगळं तिच्यात लिहा, बोलू नका. दहाव्या दिवशी ती वाचा. अर्धी कलमं तुमची तुम्हीच खोडाल. अपवाद जिवाच्या गोष्टींचा: बाबा पडले असतील, चालताना धाप लागत असेल, कपडे अंगावर सैल लोंबत असतील. प्रयत्न न करता सहा महिने-वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. असं काही दिसलं तर थांबू नका, पण आधी बहिणीशी, एकटीशी बोला. ‘तुला दिसलं नाही का?’ असं नको. ‘मी आज हे पाहिलं, तुला काय वाटतं?’ एवढंच. बहुधा तिला ते तुमच्या कितीतरी आधी दिसलेलं असेल आणि ती कुणाशी तरी बोलायची वाट बघत असेल.

बाबांच्या ‘हो, हो’ बद्दल माझ्या मनात एक शंका आहे. वयानं कान मंदावतात तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ अशा अक्षरांचा आवाज त्याच पट्टीत असतो. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, पण शब्द सुटे होत नाहीत. फोनवर तर आणखी अवघड, कारण समोरच्याचे ओठ नीट दिसत नाहीत. अशा वेळी किती वेळा ‘काय?’ म्हणायचं, या संकोचानं माणूस ‘हो, ठीक’ म्हणून मोकळा होतो. तुम्हाला आठ वर्षं ज्याचं वाईट वाटतंय तो कदाचित निव्वळ कानाचा प्रश्न असेल. गेल्यावर त्यांच्या समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे. टीव्ही बंद करा. ओरडू नका, ओरडल्यानं शब्द आणखी फाटतात. सावकाश, जरा खालच्या पट्टीत बोला. फरक पडला तर बहिणीशी बोलून कान तपासून घेण्याचं ठरवा. त्या वहीतलं हे एक काम तुम्ही नक्की पार पाडू शकता.

आता आईविषयी.

पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेनं १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. माणूस गेला, पण गेला असं मनाला पटायला काही हाती नाही, अशा दुःखाला तिनं वेगळं नाव दिलं. त्याला आपण अर्धवट निरोप म्हणू. पुढे तिनं परदेशी गेलेल्यांच्या घरांनाही हेच लागू केलं: माणूस जिवंत आहे, त्याच्यावर माया आहे, पण जेवायच्या वेळी त्याची जागा रिकामी आहे. म्हणजे तुमच्या घरात हे दोन्ही बाजूंनी झालंय. तुमची आई तुमच्यासाठी पुरती गेली नाही, आणि तुम्ही घरच्यांसाठी इतकी वर्षं पुरते तिथे नव्हता.

तुम्ही दारातून आत पाऊल टाकाल तेव्हा तुमच्यासाठी आई नुकतीच गेलेली असेल. बाकीच्यांसाठी त्याला काही वर्षं झालेली असतील. तिचं कपाट रिकामं असेल, त्यात आता चादरी असतील. ‘कुणी काढलं? मला का नाही विचारलं?’ हे ओठांवर येईल, आणि ते तिथेच थांबवा, कारण ते कपाट जिनं रिकामं केलं तिनं एकेक घडी उलगडून केलं आहे. रडू आलं तर आवरू नका. बाबांसमोर आलं तरी चालेल. पण ते तुमच्याइतकं रडले नाहीत तर त्यांना विसर पडला असं समजू नका. त्यांचं रडणं तुम्ही पाहिलेलं नाही, एवढंच.

मग एखाद्या दुपारी, घाई नसताना, बहिणीला म्हणा, ‘आईच्या शेवटच्या दिवसांचं मला सांगशील?’ आणि ऐका. विमानं बंद होती हे सांगू नका. तिला ते माहीत आहे. तुमच्या बाजूनं एकही वाक्य न बोलता ऐकणं फार कठीण जाईल, तरी ऐका. आई रात्री काय मागायची, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं, शेवटच्या दिवशी कोण कुठे उभं होतं. आणि शेवटी तिला विचारा की ते चित्र दोनदा थांबलं तेव्हा तिथे काय झालं. ते दोन तुकडे तिच्याजवळ आहेत. तिच्याशिवाय ते तुम्हाला कुणीच देऊ शकणार नाही, आणि मला वाटतं, तिलाही ते आजवर कुणी मागितले नसतील. माझ्याकडे असे काही तुकडे होते. भावानं ते मागितले त्या दिवशी आमच्यातलं औषधाच्या डब्याचं संपलं.

मुलीबद्दल फार काळजी करू नका. समजतं पण बोलत नाही, ही दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांची ओळखीची अवस्था आहे, त्यात बिघाड काही नाही. समजणं हेच मोठं काम असतं आणि ते तिनं केलंय. ‘आजोबांना बोलून दाखव’ हे मात्र कुणालाही म्हणू देऊ नका. ही विनंती आधीच फोनवरून करून ठेवा, म्हणजे तिच्यासमोर कुणाला अडवावं लागणार नाही. आजोबांना नीट ऐकू येत नसेल आणि नातीला बोलता येत नसेल, तर दोघांना हातानं करायचं काम द्या. घरात जुन्या फोटोंचा डबा असेलच. एकेक फोटो काढायचा, आजोबांनी बोट ठेवून नाव सांगायचं आणि नातीनं तिला येईल त्या लिपीत, मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं मागे लिहायचं. तुम्ही त्या खोलीत थांबू नका. तुम्ही असलात की ती तुमच्याकडे बघून तुमच्याच भाषांतराची वाट पाहील. ती आजोबांना एखादा शब्द पुन्हा विचारेल, चुकीचा म्हणेल, आजोबा दुरुस्त करतील. पत्रात तुम्ही ज्या परीक्षेला घाबरलात तिच्यापेक्षा हे वेगळं असेल, कारण इथे उत्तर आजोबांनाही आठवावं लागणार आहे.

आणि तिला घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ‘घरीच तर चाललोय’ म्हणून लोक लसी आणि औषधांचं विचारत नाहीत, आणि नेमके असेच प्रवासी जास्त आजारी पडतात. मुलीचा जन्म दुसरीकडचा आणि तुमचीही प्रतिकारशक्ती आता पूर्वीची नाही. मलेरियाच्या भागात वाढलेल्यांची त्या रोगाविरुद्धची ताकदसुद्धा दूर राहिल्यावर ओसरते. हे काम प्रवासाच्या चार ते सहा आठवडे आधी झालेलं बरं.

भेटीगाठींचं थोडक्यात. सगळ्यांकडे जायचं ठरवलंत तर २२ दिवस रस्त्यातच संपतील. ज्यांचं वय पुढच्या खेपेपर्यंत थांबेल याची खात्री नाही, अशांकडे स्वतः जा, दिवसाला एकाहून जास्त नको. बाकीच्यांना एका दिवशी एकत्र बोलवा, बहिणीला सोयीचा दिवस विचारून, आणि त्या दिवसाचं काम तुम्ही करा. कुणी रागावलं तर रागावू द्या. तुम्ही आठ वर्षांनी येताय ते बाबांसाठी आणि बहिणीसाठी.

निघण्याचा दिवस आधीच मनात धरा. जे बोलायचं ते शेवटच्या रात्रीवर ठेवलं की बॅगा भरण्यात वाहून जातं. घराचे, कागदपत्रांचे, बाबांच्या पुढच्या वर्षांचे विषय काढायचेच असतील तर बहीण-मेहुणे फिरून आल्यावर, सगळे बसलेले असताना काढा. बाबा विचारतील, ‘आता पुन्हा कधी?’ तेव्हा त्यांना बरं वाटावं म्हणून तारीख सांगू नका. म्हातारी माणसं अशा तारखा मनात जपून ठेवतात. माहीत असेल तर खरी सांगा, नसेल तर ‘अजून ठरलेलं नाही बाबा, ठरलं की आधी तुम्हाला सांगेन’ म्हणा आणि त्यांचा हात धरून थोडा वेळ बसा.

परत गेल्यावर रविवारचा तो तासभराचा कॉल तोडा आणि आठवड्यातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं करा. आता तुमच्याकडे विचारायला खरं काहीतरी असेल. नळ पुन्हा गळतोय का, ती नेहमीची बाई रजेवरून आली का, फोटोंचा डबा कुठवर आला. बाबा फोन तसाच धरतील, अर्धं कपाळ आणि पंखा. फोन सरळ धरा म्हणू नका. त्या पंख्याखाली तुम्ही २२ रात्री झोपलेले असाल. तो कोणत्या वेगाला आवाज करतो, ते तुम्हाला माहीत असेल.